बचनागाची पहिली वाटी

जिंगशान : अगं आई! पळी काय मारतेस हातावर? नुसतं बोट बुडवणार होतो.

आई : बोट बुडव नाहीतर नाक बुडव, पण मी सांगेन तेव्हा. ज्यानं रात्रभर भांडं राखलं त्याची पहिली वाटी. ती माझ्या पोटात गेली. आता बाकीच्यांनी थांबायचं.

जिंगशान : बाबा असताना मी लहानपणापासून पळी चाटत आलोय. ते कधी बोलले नाहीत.

आई : बाबा तिकडे डोंगरावर मातीखाली झोपलेत. यंदा चूल माझी आणि पळीही माझीच. तू आज मागून. खूप मागून.

जिंगशान : लानफेन, ये बाई आत, बघ. तुझी सासू हवालदार झालीय. कालपासून डुकराचे पाय शिजतायत, घरभर वास सुटलाय आणि मी आपला हुंगत बसलोय.

लानफेन : मला विचारशील तर हुंगण्यावरच भागव. बचनाग तो बचनाग. माझ्या माहेरी तो उंदरांना घालतात.

आई : तुझ्या माहेरी केळी पिकतात. हाडात शिरलेली थंडी तुम्हा नदीकाठच्यांना काय कळणार? वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी हे कंद पोटात गेले की पुढचा हिवाळा येईपर्यंत गुडघे कुरकुरत नाहीत. तू आधी ते दार लाव. वारा येतोय.

जिंगशान : हां, वारा लागू द्यायचा नाही. पहिली वाटी खाणारा आज राजा असतो. वारा नको, फळ नको, गार पाण्यात हात नको. बाबा तर दिवसभर पांघरूण घेऊन बसायचे आणि आम्हाला कामाला लावायचे.

लानफेन : आणि बाकीच्यांनी थांबायचं ते कशासाठी?

जिंगशान : जीभ बघायला. खाणाऱ्याच्या जिभेला मुंग्या आल्या नाहीत, ओठ बधिरले नाहीत, म्हणजे विष मेलं. मग सगळ्यांना वाढायचं. नीट शिजलं की काही होत नाही गं. झाकण उगाच उघडायचं नाही, चूल विझू द्यायची नाही, आणि पाणी आटलं तर...

आई : पुरे तुझं पुराण. जा, मियाओला घेऊन ये शेजारून. वड्यांचा भात कुटून कुटून पोरीचे हात सोलले असतील.

जिंगशान : ती येत नाही. शू मावशीच्या उखळावर बसलीय, वड्या कमी थापतेय आणि कुटलेला भात जास्त खातेय. तर पाणी आटलं तर उकळतंच घालायचं. गार पाण्याचा एक थेंब पडला तरी विष परत जिवंत होतं म्हणतात. म्हणून तर आई काल थर्मास भरभरून चुलीपाशी मांडून बसली होती. काय गं? तुझं तोंड का असं झालं?

लानफेन : ते थर्मास त्यासाठी होते?

जिंगशान : मग कशासाठी?

लानफेन : मला वाटलं, आईंच्या चहाचे. संपवले तर ओरडा बसेल म्हणून मी...

आई : जिंगशान, काकांना फोन कर. निघाले का विचार.

लानफेन : पहाटे मला जाग आली. इथं येऊन बघते तर आईंचा भिंतीला टेकून डोळा लागलेला. भांडं पार आटलं होतं. खालून करपल्यासारखा वास येत होता. त्यांना कशाला उठवायचं म्हणून मी बादलीतलं पाणी ओतलं.

जिंगशान : कुठल्या बादलीतलं?

लानफेन : अंगणातल्या.

जिंगशान : तिच्यावर सकाळी बर्फाची साय धरते, लानफेन!

लानफेन : मला कुणी सांगितलं होतं? बाबा कधी चुलीजवळ फिरकू द्यायचे का मला? आणि वर चूल पण विझत आली होती, ती मी फुंकून पेटवली. मला वाटलं मी चांगलं केलं. आई, तुम्ही किती खाल्लंत?

आई : वाटीभर. त्यात काय एवढं? पुन्हा उकळलंच की ते नंतर.

लानफेन : तुम्ही मघापासून ओठ का चावताय?

आई : तिखट लागलं जरा.

लानफेन : तिखट घातलंच नाही त्यात.

जिंगशान : आई. माझ्याकडे बघ. ओठ बधिरलेत का?

आई : ओठ ओठांच्या जागी आहेत.

जिंगशान : आई!

आई : थोडं मुंग्यांसारखं वाटतंय. जिभेच्या टोकाला. ओरडू नकोस, घाबरशील आणि मलाही घाबरवशील. कपाटात ज्येष्ठमध आहे. मूठभर उकळ, मध घाल. मुगाचं पाणीही चालतं. तुझ्या बाबांना एकदा असंच झालं होतं, संध्याकाळी उठून पत्ते खेळत बसले.

जिंगशान : हो, खरंय, ते उठले होते. लानफेन, ज्येष्ठमध काढ. वरच्या कप्प्यात, वाळलेल्या मिरच्यांच्या मागे.

लानफेन : मी ज्येष्ठमध उकळत बसणार नाही. गाडी काढ.

जिंगशान : अगं, काढा तर होऊ दे. तालुक्याला पोचेपर्यंत...

लानफेन : तेच म्हणतेय मी. पोचायला वेळ लागतो, म्हणून आत्ता निघायचं. काढा उकळेपर्यंत उतरण संपली असती आपली. आई, हात इकडे द्या. बोटं? बोटांना पण?

आई : टोकांनाच फक्त.

लानफेन : मनगटापर्यंत नाही ना?

आई : अजून नाही.

लानफेन : हॅलो? दवाखाना ना? ऐकताय का? माझ्या सासूबाईंनी बचनाग खाल्लाय. हो, शिजवलेला. ओठ आणि बोटं बधिरलीत... नाही, शुद्धीत आहेत, भांडतायत माझ्याशी... गार पाणी पडलं होतं भांड्यात, माझ्याच हातून... काय? बरं... बरं... नाही, काढा दिला नाही. नाही देणार. आम्ही निघतोच, तुमची गाडी वर येईपर्यंत थांबत नाही. फाट्यावर भेटलात तर तिथं... हो. जिंगशान, अजून उभा काय आहेस! ते म्हणाले, घरचं काही पाजायचं नाही, उलटी झाली तर कुशीवर वळवायचं आणि छातीत धडधड वाढली तर परत फोन करायचा. चल!

आई : दार उघडू नकोस गं, वारा...

लानफेन : लागू दे वारा! सॉरी आई. ही घ्या, माझी रजई पांघरा. जिंगशान, तू खाल्लं नाहीस ना काही? खरं सांग. तुला गाडी चालवायचीय.

जिंगशान : नाही. पळी बसली ना हातावर.

लानफेन : शपथ?

जिंगशान : पोरीची शपथ. पण भांड्याचं काय? काका येतील, पाहुणे येतील, आल्या आल्या झाकण उघडतील.

लानफेन : जात्याची तळी ठेव त्याच्यावर. दाराला कुलूप लाव.

आई : ओतून नका देऊ. अख्खे पाय आहेत.

जिंगशान : आई, तू गप्प बस जरा!

आई : गप्प बसले तर म्हणाल, म्हातारी गेली.

(भाजीच्या व्हॅनच्या मागच्या भागात, रिकाम्या पोत्यांवर आई आडवी. लानफेन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. जिंगशान गाडी चालवतो आहे.)

लानफेन : शू मावशी, मी बोलतेय. मियाओला तुमच्याकडेच ठेवा. आमच्या घराकडे कुणी गेलं तर परत पाठवा. काकांना सांगा, भांड्याला हात लावायचा नाही. शेजारची कोंबडी पण जाता कामा नये तिथं... नाही, पोरीला काही सांगू नका. आजी दवाखान्यात गुडघे दाखवायला गेली म्हणा.

आई : खोटं शिकवतेय पोरीला.

लानफेन : परत आल्यावर तुम्ही खरं सांगा तिला. बोलत राहा आई. बोलताना तुमची जीभ कशी चालते ते मला कळतंय.

आई : जीभ माझी नाहीच वाटत. कुणाची तरी उसनी आणल्यासारखी.

लानफेन : आणि हात?

आई : कोपरापर्यंत आलं बघ.

जिंगशान : काय म्हणाली? लानफेन, कुठपर्यंत म्हणाली?

लानफेन : तू रस्ता बघ! कोपरापर्यंत. रस्ता बघ जिंगशान, मला सगळ्यांना एकदम दरीत नाही जायचं.

जिंगशान : पुढे मेंढ्या आहेत. अरे बाजू! बाजू हो रे बाबा! कळप रस्त्यात घालून पाइप काय ओढतोयस, माझी आई आहे गाडीत!

आई : त्याच्यावर ओरडू नको. तो बहिरा आहे. त्याच्या बायकोला आपण दरवर्षी लसूण देतो.

लानफेन : आई, डोळे मिटू नका.

आई : प्रकाश टोचतो. पिवळंपिवळं दिसतंय सगळं.

लानफेन : तरी मिटू नका. मला शिव्या घाला हवं तर. पाणी मी ओतलं. माझ्यामुळे झालं हे. घाला ना, तुम्हाला तर येतात चांगल्या.

आई : मला माहीत होतं.

लानफेन : काय?

आई : सकाळी झाकण उघडलं तेव्हाच. माझ्या डोळ्यादेखत रस्सा खाली गेला होता, आणि उठून बघते तर वर काठापर्यंत. थर्मास हलवून बघितले, भरलेले. अंगणातल्या बादलीत पळी पडलेली होती. हे कळायला पंडित लागत नाही.

लानफेन : म्हणजे? म्हणजे गार पाणी पडलंय हे माहीत असून तुम्ही वाटी भरून घेतलीत?

आई : हळू बोल. तो गाडी चालवतोय.

जिंगशान : मला ऐकू येतंय आई.

लानफेन : विचारायचं ना मला! तोंड नव्हतं का? एरवी भाजीत किती मीठ घातलं ते विचारता, दहादा विचारता! आजच काय झालं होतं?

आई : मिठाचंच झालं ना ते. नव्या वर्षाच्या जेवणात मीठ जास्त पडलं आणि मी सगळ्यांदेखत तुला बोलले. काकांसमोर, त्यांच्या सुनेसमोर. तू पोरीला उचललीस आणि माहेरी गेलीस. थांब, पोट... पोटात मळमळतंय.

लानफेन : कुशीवर. हां, अशा. होऊ द्या उलटी, होऊ द्या. पोतं घाण झालं तर होऊ दे. निघू दे सगळं. जिंगशान, सावकाश घे वळण! झालं? अजून? पुसते मी. श्वास घ्या.

आई : म्हातारा रोज फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. बस येऊन गेली की परत. मला एक शब्द बोलला नाही तो. पण जेवताना मियाओची छोटी वाटी काढून पाटावर ठेवायचा. आणि मग गेलाच. तू आलीस ती त्याला मातीत घालायला आलीस.

लानफेन : मला कुणी कळवलं नाही, ते आजारी आहेत म्हणून.

आई : मीच म्हणाले, कळवू नका. तुला वाटलं असतं, सासू निमित्त करतेय. हात धर माझा. धरलायस का? मला कळत नाहीये.

लानफेन : धरलाय. दोन्ही हातांनी धरलाय.

आई : तर मी ठरवलं होतं. या घरात पुन्हा तुला 'हे काय करून ठेवलंस' असं म्हणायचं नाही. विचारलं असतं तर माझा आवाज चढला असता. माझा आवाज मला ठाऊक आहे. तू परत बॅग भरली असतीस.

लानफेन : म्हणून विष खायचं?

आई : मरायला नव्हतं खाल्लं. वाटलं, थोडं चाखू. जीभ चुरचुरली की म्हणू, बिघडलं बाई माझ्या हातून, झोप लागली मला, आणि ओतून देऊ. रात्री भांडं मी राखलं होतं. बिघडलं ते माझ्याच हातून बिघडलं असं झालं असतं.

लानफेन : थोडं चाखायचं होतं तर वाटीभर कसं गेलं पोटात?

आई : चव बरी झाली होती गं.

लानफेन : हसू नका. आई, हसू नका, मला रडू येतंय. जिंगशान, ह्यांची छाती... माझ्या हाताखाली धडधड मधेच थांबतेय आणि परत धावतेय. थांबतेय आणि धावतेय. किती राहिलं?

जिंगशान : पूल आला. पुलाच्या पलीकडे फाटा. दिसतेय, त्यांची गाडी दिसतेय, निळा दिवा. आई, ऐकतेस ना? पोचलोच बघ. मला काहीतरी बोल. आई, बोल ना काहीतरी!

आई : गाडीचा... डावा दिवा गेलाय तुझा. कधीपासून सांगतेय.

जिंगशान : लावतो. उद्याच लावतो. तू उद्या बघ लावलाय की नाही.

लानफेन : आई? अहो आई? डोळे उघडा! इकडे, इकडे या, यांच्याकडे! दरवाजा मागून उघडतो! बचनाग, सकाळी खाल्लाय, एक वाटी! नाव ताओ गुइझी! मी सून. हो, मी बरोबर येतेय. मी बरोबरच येणार!

(तालुक्याचा दवाखाना, संध्याकाळ. आईच्या खोलीबाहेर लानफेन बाकावर बसलेली. जिंगशान येतो.)

जिंगशान : खाल्लंस का काही? मी वाफवलेले पाव आणलेत.

लानफेन : नको. काय म्हणाले डॉक्टर?

जिंगशान : हृदयाचा ठोका अजून सरळ पडत नाहीये. औषध चाललंय. आजची रात्र गेली की सांगता येईल म्हणतात. मी विचारलं, वाचेल ना? तर म्हणाले, वेळेत आणलंत. एवढंच म्हणाले. परत विचारलं तर तेच म्हणाले.

लानफेन : वेळेत.

जिंगशान : आणखी एक म्हणाले. मी त्यांना पाण्याचं सांगितलं. गार पाणी पडलं, चूल विझली, सगळं. तर ते वैतागलेच. म्हणाले, गार आणि गरम तुमच्या डोक्यात आहे. हा कंदच विष आहे. कधी उतरतं, कधी उतरत नाही, आणि कधी उतरलं ते घरच्या चुलीवर कुणालाच कळत नाही. दर थंडीला आमच्या खाटा भरतात, म्हणाले. पलीकडच्या खोलीत अख्खं घर आहे. त्यांनी गाराचा थेंब घातला नव्हता.

लानफेन : मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस.

जिंगशान : नाही. मला स्वतःलाच धडकी भरली म्हणून सांगतोय. लहानपणापासून मी ती पळी चाटलीय लानफेन. मियाओला पुढच्या वर्षी चाटवणार होतो. बाबा म्हणायचे, थोडी रस्स्याची सवय हवी पोरांना.

लानफेन : भांडं?

जिंगशान : मी फोन केल्यावर काकांनी कुलूप तोडून परसात खोल खड्डा खणून पुरलं, तसंच, झाकणासकट. काकू रडत होत्या, भांडं आजेसासूच्या वेळचं होतं म्हणून. तुला आत बोलावतायत. आईला जाग आलीय. फक्त एकजण म्हणाले.

लानफेन : तू जा. तुझी आई आहे.

जिंगशान : मी गेलो होतो. मला बघून म्हणाली, ती कुठंय? मी म्हटलं, बाहेर आहे. तर म्हणते कशी, बाहेर म्हणजे कुठे, बसस्टँडवर? जा बाई तू.

(आत, आईच्या खाटेपाशी.)

लानफेन : आई? मी आहे.

आई : दिसतेय. कोट घातलायस का?

लानफेन : इथं गारठा आहे म्हणून घातलाय. कुठे चालले नाही मी.

आई : नळ्याच नळ्या लावल्यात मला. हे यंत्र सारखं टूं टूं करतं. मधेच थांबतं, तेव्हा मीही थांबून ऐकते.

लानफेन : मीपण ऐकतेय. फार बोलू नका.

आई : गाडीत म्हणत होतीस, बोला.

लानफेन : आता यंत्र बोलतंय तुमच्याऐवजी. भीती वाटतेय का?

आई : हो. तुला?

लानफेन : मलाही. आई, ऐका. पुढच्या वेळी विचारा मला. आवाज चढला तरी चालेल. मी बॅग भरली तर भरू द्या, फाटकापर्यंत जाईन आणि परत येईन. पण विचारा.

आई : मीठ जास्तच होतं त्या दिवशी.

लानफेन : होतं. मलाही कळलं होतं.

आई : तोंड सुकलंय. पाणी मिळेल?

लानफेन : घोटभर चालेल म्हणाल्यात नर्सबाई. आणलंय त्यांनी. डोकं उचलू जरा?

आई : थांब. गार आहे की गरम? मला ओठांना काही कळत नाहीये अजून.

लानफेन : थांबा हां. आधी मी पिऊन बघते.